आज्ञा आणि आदेश : युनिक्सच्या शेलमधील दोन संकेतांचा इतिहास

यंत्राला आज्ञा देण्यासाठी योजलेल्या लेखी भाषांचा इतिहास आजवर बहुधा अभियंत्यांनी लिहिला आहे. भाषेच्या अभ्यासकांनी तो आपला विषय मानलेला नाही. अशा भाषा कोणाच्या मातृभाषा नसतात, त्या बोलल्या जात नाहीत आणि त्यांना बोली नसतात, अशी काहीशी आपली समजूत असते. यांपैकी शेवटची समजूत तर उघडच चुकीची आहे. युनिक्स या संगणकप्रणालीत माणूस आणि यंत्र यांच्यामध्ये जो दुभाषा प्रोग्राम बसलेला असतो, ज्याला शेल म्हणजे कवच असे नाव पडले आहे, त्याच्या भाषेला गेल्या पन्नासाहून अधिक वर्षांत अनेक बोली फुटल्या. त्यांनी एकमेकींकडून उसनवारी केली, त्यांतील एकीच्या आधारे प्रमाणभाषा ठरविण्यात आली, आणि काही बोली आता केवळ जुन्या लिखाणात उरल्या आहेत. भाषेच्या इतिहासकाराला परिचित असलेले हे सर्व व्यापार येथे थोड्या अवधीत आणि तारीखवार पाहावयास मिळतात, ही या सामग्रीची मोठीच सोय आहे.

प्रस्तुत निबंधात या भाषेतील दोनच संकेतांचा विचार करावयाचा आहे. पहिला संकेत पुनर्निर्देशनाचा. प्रोग्रामचे फलित सामान्यतः पडद्यावर उमटते. आज्ञेनंतर > हे चिन्ह आणि फाईलचे नाव लिहिले की ते त्या फाईलमध्ये जाते, आणि < हे चिन्ह लिहिले की प्रोग्राम आपली सामग्री कळफलकाऐवजी फाईलमधून घेतो. दुसरा संकेत असा की, एक आज्ञा दुसऱ्या आज्ञेच्या वाक्यात विशिष्ट चिन्हांमध्ये लिहिली, म्हणजे शेल प्रथम आतली आज्ञा पार पाडतो आणि तिचे फलित तिच्याच जागी बसवून मग बाहेरचे वाक्य वाचतो. ही चिन्हे प्रथम उलट्या अवतरणाची होती. नंतर $( ) अशी झाली.

या दुसऱ्या संकेताला मराठीत काय म्हणावे हा प्रश्न गमतीचा आहे. पाणिनीय व्याकरणात एकाच्या जागी जे दुसरे येते त्याला ‘आदेश’ म्हणतात आणि ज्याच्या जागी येते त्याला ‘स्थानी’. आजच्या मराठीत मात्र आदेश म्हणजे हुकूम. त्यामुळे या संकेताला ‘आदेशाचा आदेश’ असे म्हटले तरी ते दोन्ही परंपरांच्या दृष्टीने बरोबरच ठरेल! गोंधळ टाळण्यासाठी येथे हुकमाला ‘आज्ञा’ आणि तिच्या जागी येणाऱ्या फलिताला ‘आदेश’ असे म्हटले आहे. आज्ञांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत.

शेल ही संज्ञा लुई पूझँ या फ्रेंच संशोधकाची. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत कालविभाजन-पद्धतीच्या एका संगणकावर काम करीत असताना, १९६३-६४ च्या सुमारास, त्यांनी रनकॉम नावाचा एक प्रोग्राम लिहिला. फाईलमध्ये लिहून ठेवलेल्या आज्ञा एकामागून एक पार पाडणे एवढेच त्याचे काम होते. पुढे मल्टिक्स या महत्त्वाकांक्षी प्रकल्पासाठी, १९६५ मध्ये, त्यांनी जे टिपण तयार केले त्यात आज्ञांची भाषा ही स्वतःच एक रचनाक्षम भाषा असावी आणि ती प्रणालीच्या गाभ्याबाहेर असावी, हा विचार मांडला. त्यावरून एमआयटीतील ग्लेंडा श्रोडर यांनी मल्टिक्सचा पहिला शेल घडविला. या मल्टिक्समध्ये चौकटी कंसात लिहिलेली आज्ञा स्वतःच्या जागी एक अक्षरमाला परत देत असे. म्हणजे आदेशाची कल्पना तेथे पूर्णपणे होती, आणि तिला स्वच्छ असे जोडचिन्हही लाभले होते.

परंतु पुनर्निर्देशनाची स्थिती निराळी होती. मल्टिक्समध्ये फलित पडद्याऐवजी फाईलमध्ये पाठविणे शक्य होते, किंबहुना त्याची सोय युनिक्सपेक्षा अधिक व्यापक होती. मात्र त्यासाठी तीन वाक्ये लिहावी लागत. पहिल्या वाक्याने फलिताचा प्रवाह फाईलला जोडावयाचा, दुसऱ्याने मुख्य काम करावयाचे आणि तिसऱ्याने प्रवाह पुन्हा टर्मिनलकडे वळवावयाचा. तिसरे वाक्य विसरले तर पुढचे सर्व फलित मुकाट्याने फाईलमध्ये जात राही. हीच गोष्ट एका चिन्हाने एका वाक्यात का सांगता आली नाही?

युनिक्सच्या दोन प्रमुख निर्मात्यांपैकी एक डेनिस रिची यांनी युनिक्सच्या उत्क्रांतीवरील आपल्या निबंधात या प्रश्नाचा विचार केला आहे. मल्टिक्स हा एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल प्रयोगशाळा या तीन संस्थांचा संयुक्त प्रकल्प होता. आदानप्रदानाची यंत्रणा लिहिणारे न्यू जर्सीतील मरे हिल येथे, बेल प्रयोगशाळेत होते, तर शेल एमआयटीत लिहिला जात होता. शेल ‘त्यांचा’ म्हणून मरे हिलच्या मंडळींनी त्यात बदल सुचविण्याचा विचारच केला नाही. आणि शेल सांभाळणाऱ्यांना कदाचित या जोडणीच्या आज्ञेची उपयुक्तताच ठाऊक नसावी, असा रिची यांचा तर्क आहे.

या तर्कावर सहज एक आक्षेप येऊ शकतो. दोन गावांतील अंतर हेच कारण असेल, तर त्याच मल्टिक्समध्ये आदेशाचा चौकटी कंस कसा रुजला? प्रस्तुत लेखकाच्या मते हा आक्षेप तपासला असता तर्काला बाध न येता तो उलट पक्काच होतो. मल्टिक्समध्ये आज्ञा ही आपल्या कर्त्याकडे अक्षरमाला परत देऊ शकणारी प्रक्रिया होती. त्यामुळे आदेशाचा सारा व्यवहार शेलच्या घरातच पुरा होई. पुनर्निर्देशनासाठी मात्र शेलला दुसऱ्याच्या घरात, आदानप्रदानाच्या यंत्रणेत, हात घालावा लागे. जी रचना एकाच मंडळींच्या ताब्यात होती तिला चिन्ह मिळाले. जी दोघांच्या शिवेवर पडत होती तिला मिळाले नाही. प्रणालींचे घाट त्या घडविणाऱ्या संस्थांच्या घाटासारखे उतरतात, हे मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्ये मांडलेले निरीक्षण प्रसिद्ध आहे. चिन्हव्यवस्थेपुरते त्याचे याहून नेमके उदाहरण क्वचितच सापडेल.

१९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेने मल्टिक्समधून अंग काढून घेतले आणि त्याच वर्षी केन थॉम्प्सन यांनी पीडीपी-७ या लहानशा यंत्रावर नव्या प्रणालीचा पाया घातला. येथे शेलही त्यांचा आणि आदानप्रदानही त्यांचेच. < आणि > ही चिन्हे अगदी आरंभी नव्हती. परंतु कल्पना सुचल्यावर ती अमलात आणण्यास तासाभराचेच काम पुरले, असे रिची सांगतात. नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या आवृत्तीच्या माहितीपुस्तिकेत ती स्थिरावलेली दिसतात.

काम इतके सोपे होण्याचे तांत्रिक कारण समजून घेण्यासारखे आहे. युनिक्समध्ये नवा प्रोग्राम दोन पायऱ्यांनी सुरू होतो. प्रथम शेल स्वतःची एक हुबेहूब प्रत काढतो. मग ती प्रत आपला देह टाकून नव्या प्रोग्रामचा देह धारण करते. प्रत काढण्याची क्रिया बर्कलीच्या कालविभाजन-प्रणालीतून घेतलेली होती. या दोन पायऱ्यांमधील क्षणभराच्या अवकाशात ती प्रत अजून शेलच असते, पण मूळ शेलहून वेगळी. प्रत्येक प्रक्रियेच्या उघड्या फायलींना क्रमांक असतात : सामग्री घेण्याची ०, फलित देण्याची १. त्या अवकाशात प्रतीने १ क्रमांक मिटून त्या जागी हवी ती फाईल उघडली की काम झाले. नंतर येणारा प्रोग्राम १ वर लिहीत राहतो. तो पडदा आहे की फाईल, हे त्याला ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याचे कारणही नसते. प्रत नष्ट झाली की जोडणीही नष्ट होते, म्हणून मल्टिक्समधले ते विसरण्याजोगे तिसरे वाक्य येथे उरतच नाही.

तथापि पहिल्या रचनेत एक खोल दोष निघाला. एका फाईलमध्ये दोन आज्ञा लिहिल्या आहेत असे समजा : ‘एलएस’ ही फायलींची नावे देणारी, आणि ‘हू’ ही यंत्रावर कोण काम करीत आहे ते सांगणारी. शेललाच ती फाईल सामग्री म्हणून द्यावयाची आणि त्याचे फलित दुसऱ्या फाईलमध्ये वळवावयाचे. अपेक्षा अशी की दोन्ही उत्तरे एकाखाली एक येतील. प्रत्यक्षात दुसरे उत्तर पहिल्याच्या अंगावर लिहिले जाई आणि पहिले पुसले जाई. फाईलमध्ये कोठवर लिहून झाले याची नोंद प्रत्येक प्रक्रिया आपल्यापाशी ठेवी. एलएसने लिहिले, आपली नोंद पुढे सरकविली आणि ती नोंद घेऊनच ती संपली. शेलने स्वतः काहीच लिहिले नसल्याने त्याची नोंद शून्यावरच. आणि हूला वारसा मिळाला तो या शून्याचा. उपाय म्हणून ही नोंद प्रक्रियांकडून काढून सर्वांच्या सामायिक कोष्टकात ठेवावी लागली. केवळ लेखनसोयीसाठी आणलेल्या एका चिन्हाने प्रणालीच्या गाभ्याची फेरमांडणी करावयास लावली, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

या सामायिक नोंदीचा एक विलक्षण उपयोगही त्या काळी झाला. थॉम्प्सन यांच्या शेलमध्ये ‘अमुक खुणेपाशी जा’ असे सांगणारी आज्ञा भाषेचा भाग नव्हती. तो बाहेरचा स्वतंत्र प्रोग्राम होता. तो शेल वाचीत असलेली आज्ञांची फाईल आरंभापासून चाळी, खूण सापडली की वाचनाची नोंद तेथे आणून ठेवी आणि संपून जाई. शेल पुन्हा वाचू लागे तो त्या खुणेपासून. वाचक पान वाचीत असता दुसऱ्याने हळूच पाने उलटून ठेवावीत, असाच हा प्रकार.

मल्टिक्समध्ये आदेश होता पण पुनर्निर्देशनाचे चिन्ह नव्हते. आरंभीच्या युनिक्समध्ये पुनर्निर्देशन होते पण आदेश नव्हता. हा विपर्यास आकस्मिक नसावा. युनिक्सचा प्रोग्राम आपल्या कर्त्याला अक्षरमाला परत देत नाही. तो फक्त प्रवाहात लिहितो, आणि संपताना यशापयशाचा एक लहान अंक ठेवून जातो. अशा व्यवस्थेत आदेश हवा असेल, तर प्रोग्रामचा प्रवाह शेलने स्वतःकडेच वळवून घेतला पाहिजे. तात्पुरत्या फाईलच्या आधाराने ते साधता आले असते, हे खरे. परंतु त्याची स्वाभाविक वाट पाइपच्या, म्हणजे नळीच्या, कल्पनेतून जाते. प्रोग्राम बागेतील रबरी नळ्यांप्रमाणे एकमेकांना जोडता यावेत, ही कल्पना डग्लस मॅकइलरॉय यांनी ऑक्टोबर १९६४ च्या एका टिपणात मांडली होती. ती प्रत्यक्षात आली १९७२-७३ च्या सुमारास.

नळीच्या पहिल्या लेखनाचा अनुभव चिन्हशास्त्राच्या विद्यार्थ्याला बोधप्रद वाटेल. थॉम्प्सन यांनी आरंभी तिच्यासाठीही > हेच चिन्ह वापरले. पाहावयास ते तर्कसंगत होते : फलित फाईलकडे जाते तसे ते प्रोग्रामकडे जाते. परंतु एका चिन्हाला दोन अर्थ आले की पुढे जे व्हावयाचे ते झाले. > च्या पुढे येणारा एकच शब्द हा फाईलचे नाव, असा जुना नियम असल्याने पुढच्या प्रोग्रामला काही अधिक शब्द द्यावयाचे झाल्यास ते सारे अवतरणात गुंडाळावे लागत. < हे चिन्हही उलट्या दिशेच्या नळीसाठी चाले, म्हणून एकच जोडणी अनेक प्रकारांनी लिहिता येई. ही पद्धत काही महिनेच टिकली. तिच्या जागी | ही उभी रेघ आली आणि दोन अर्थांना दोन चिन्हे मिळाली. नैसर्गिक भाषेत संदिग्धतेवर असा इलाज करावयास कधीकधी शतके लागतात.

नळ्या आल्या आणि पुनर्निर्देशनातील आणखी एक उणीव उघडी पडली. प्रोग्रामच्या तक्रारी, म्हणजे ‘ही फाईल सापडत नाही’ यांसारखी वाक्ये, मूळ फलिताबरोबर १ क्रमांकावरच जात. फाईलमध्ये त्या मिसळत तोवर लोकांनी सोसले. पण नळीतून त्या पुढच्या प्रोग्रामच्या पोटात जाऊ लागल्या, आणि छपाईच्या यंत्राकडे पाठविलेल्या मजकुरात सुबक टाइपात उमटू लागल्या. तरीही १९७५ च्या सहाव्या आवृत्तीपर्यंत हा प्रकार चालू राहिला, कारण एक आवक आणि एक जावक ही साधी मांडणी मोडावी असे कोणालाच वाटत नव्हते. त्यानंतर लवकरच रिची यांनी तक्रारींसाठी २ हा स्वतंत्र क्रमांक ठरवून दिला.

आता आपण त्या बोलीकडे येतो जिच्यावर आजची प्रमाणभाषा उभी आहे. स्टीफन बोर्न हे केंब्रिजहून बेल प्रयोगशाळेत आले होते आणि केंब्रिजमध्ये असताना त्यांनी अल्गॉल ६८ या भाषेवर काम केले होते. १९७६ पासून त्यांनी लिहिलेला शेल जानेवारी १९७९ च्या सातव्या आवृत्तीबरोबर बाहेर पडला. अल्गॉलच्या वळणाने ‘इफ’चा शेवट ‘फाय’ने आणि ‘केस’चा शेवट ‘एसॅक’ने, म्हणजे आरंभीचा शब्द उलटा लिहून, होतो. ‘डू’चा शेवट त्याच न्यायाने ‘ओडी’ असा व्हावयास हवा होता. पण ते नाव दुसऱ्या एका आज्ञेने आधीच घेतलेले असल्याने ‘डन’ हा सरळ शब्द आला. या शेलने २ क्रमांकाचे वेगळे पुनर्निर्देशन दिले, << या चिन्हाने आज्ञांच्या मजकुरातच सामग्री लिहिण्याची सोय दिली, आणि युनिक्सला आदेश दिला.

यंत्रणा थोडक्यात अशी. शेल एक नळी उघडतो, आपली प्रत काढतो, प्रतीच्या १ क्रमांकाला नळीचे लिहिण्याचे टोक जोडतो आणि स्वतः दुसऱ्या टोकाशी वाचीत बसतो. प्रवाह संपला की मिळालेला मजकूर, शेवटच्या नव्या ओळींच्या खुणा गाळून, वाक्यात बसविला जातो. तेव्हा आदेश हेदेखील एक पुनर्निर्देशनच होय. फरक इतकाच की प्रवाहाचे गंतव्यस्थान फाईल नसून ते वाक्यच असते. आतली आज्ञा प्रतीत घडत असल्यामुळे तिने बदललेली चलांची मूल्ये मूळ शेलपर्यंत पोचत नाहीत. तिचे जे काही म्हणणे असेल ते तिने लिहून दिले पाहिजे.

बोर्न यांनी यासाठी ` हे चिन्ह निवडले. १९६७ च्या अस्की संकेतावलीत ते आले ते वस्तुतः युरोपीय लिप्यांतील स्वराघाताची खूण म्हणून. टंकयंत्रावर एक घर मागे जाऊन अक्षरावर ती उमटवावी, अशी कल्पना होती. इंग्रजी लिहिणाऱ्यांना तिचा उपयोग नव्हता, म्हणून ती रिकामी होती. रिकामे चिन्ह ताब्यात घेण्याचा मोह समजण्यासारखा आहे. पण या चिन्हाचे उघडणारे आणि मिटणारे रूप एकच. वाक्यात आज्ञा, त्या आज्ञेत पुन्हा दुसरी आज्ञा, असा गर्भ धरावयाचा झाला की वाचणाऱ्याला दुसरे ` दिसताच आतले अवतरण उघडले की बाहेरचे मिटले, हे सांगता येत नाही. म्हणून आतल्या चिन्हामागे तिरकी रेघ द्यावी लागते. आणखी एक पायरी आत गेले तर तीन रेघा, त्याहून आत सात. दर पायरीला संख्या दुप्पट होऊन तीत एकाची भर पडते. तीन पायऱ्यांचे असे वाक्य मनुष्याने न चुकता लिहावे ही अपेक्षाच गैर आहे.

अवतरणाच्या सीमांचा हा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. संस्कृतात ‘इति’ हा शब्द अवतरणाचा शेवट दाखवितो, आरंभ दाखवीत नाही. त्यामुळे अवतरण कोठून सुरू झाले याविषयी टीकाकारांत मतभेद संभवतात. मराठीत ‘असे’ किंवा ‘म्हणून’ याने तेच काम होते. मनुष्य संदर्भाने वाट काढतो. यंत्राला संदर्भ नाही. त्याला दोन्ही शिवा दिसाव्या लागतात, आणि त्या एकमेकींहून वेगळ्या दिसाव्या लागतात. मल्टिक्सच्या चौकटी कंसात हा गुण होता. सातव्या आवृत्तीपूर्वी कितीतरी आधीपासून उपलब्ध असलेली ती सोय बोर्न यांनी का घेतली नाही, याचे एक संभाव्य कारण असे की, चौकटी कंस तोवर युनिक्समध्ये फायलींच्या नावांचे नमुने लिहिण्यात गुंतलेले होते. चिन्हांच्या बाजारात जे मोकळे तेच हाती लागते.

दुरुस्ती बेल प्रयोगशाळेतूनच आली. डेव्हिड कॉर्न यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेला शेल पुढे वाढत गेला, आणि त्याच्या १९८८ च्या आवृत्तीत $( ) हे लेखन रूढ झाले. $ हे चिन्ह चलाचे मूल्य मागण्यासाठी आधीपासून होतेच. शेलच्या भाषेत साधा शब्द हा स्वतःचेच रूप दर्शवितो. मूल्य हवे असेल तर $ लावून मागावे लागते. बहुतेक संगणकभाषांत याच्या उलट असते. तेथे नुसते नाव म्हणजे मूल्य आणि अवतरणातले नाव म्हणजे रूप. अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायात, पहिल्या पादाच्या ६८ व्या सूत्रात, पाणिनीने व्याकरणातील शब्द पारिभाषिक संज्ञा नसेल तर स्वतःच्या रूपाचाच बोधक मानावा असे ठरविले आहे. शेलची प्रकृती या बाबतीत पाणिनीच्या बाजूची आहे. अशा भाषेत ‘मूल्य दे’ या अर्थाच्या $ ला कंस जोडून ‘या आज्ञेचे मूल्य दे’ असे म्हणणे व्याकरणाला धरूनच होते.

तरीही नवे लेखन निर्दोष ठरले नाही. बोर्न यांच्या ‘केस’ या रचनेत प्रत्येक पर्यायानंतर एकटा ) येतो, त्याचा जोडीदार नसतो. अशी रचना $( ) मध्ये आली की तो एकटा कंसच आदेश मिटवीत आहे, असा भ्रम वाचणाऱ्या प्रोग्रामला होई. त्यासाठी पर्यायाच्या आधी ( लिहिण्याची मुभा देण्यात आली. १९९२ च्या पॉझिक्स या प्रमाणग्रंथात ही मुभा आणि $( ) हे दोन्ही नोंदले गेले; पण जुने उलटे अवतरणही ठेवावे लागले, कारण त्यात लिहिलेल्या असंख्य फायली चालू होत्या. ब्रायन फॉक्स यांनी १९८९ मध्ये प्रसृत केलेल्या बॅश या आज सर्वत्र पसरलेल्या शेलमध्येही दोन्ही रूपे नांदतात.

नियमांच्या क्रमाविषयी आता लिहिले पाहिजे, कारण अभ्यासकाचे खरे नुकसान होते ते तेथे. व्याकरणात आदेश हा स्थानीप्रमाणे वागतो, पण वर्णांवर अवलंबून असलेल्या कार्यांत नाही, अशी मर्यादा पाणिनीने घातली आहे. शेलमध्येही आदेशाला काही नियम लागतात आणि काही लागत नाहीत. आदेशाच्या मजकुरात > किंवा | आले तर त्याला चिन्हाचे सामर्थ्य नसते; ते नुसते अक्षर राहते, कारण वाक्याची फोड आधीच झालेली असते. परंतु तोच मजकूर जागा आणि नव्या ओळी यांवर तोडून त्याचे वेगळे शब्द केले जातात, आणि त्यात * आल्यास ते फायलींच्या नावांचा नमुना मानले जाते. म्हणून ‘ओव्या सातारा’ असे मध्ये जागा असलेले एका फाईलचे नाव आदेशातून आले तर बाहेरची आज्ञा दोन फायली शोधते. आणि ती आज्ञा पुसण्याची असेल, व ‘ओव्या’ या नावाची निराळी फाईल तेथे असेल, तर ती निराळीच फाईल जाते. दुहेरी अवतरणात आदेश लिहिला की ही तोडफोड होत नाही. हा नियम उलट असता, म्हणजे न तोडणे हा स्वभाव आणि तोडणे हा अपवाद असता, तर बरे झाले असते, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. टॉम डफ यांनी बेल प्रयोगशाळेतच रचलेल्या आरसी या शेलमध्ये चलांची मूल्ये ही अक्षरमाला नसून शब्दांच्या याद्याच धरल्या आणि एकदा फोडलेला मजकूर पुन्हा फोडावयाचा नाही हे तत्त्व पाळले. बोली सुंदर होती. पण तिचे बोलणारे थोडे राहिले.

पुनर्निर्देशनातही क्रमच घात करतो. शब्दांची यादी अकारविल्हे लावून त्याच फाईलमध्ये ठेवावी या हेतूने विद्यार्थी ‘सॉर्ट < यादी > यादी’ असे लिहितो. वाक्य वाचताना वाटते की आधी वाचन, मग क्रमलावणी, मग लेखन. वर सांगितलेल्या दोन पायऱ्यांमधील अवकाश आठवला तर चूक कळेल. फाईल उघडण्याचे काम प्रोग्राम येण्यापूर्वीच होते, आणि > ने उघडणे म्हणजे फाईल रिकामी करणे. सॉर्ट जन्माला येतो तेव्हा यादी संपलेली असते. वर्षभर खेडोपाडी फिरून जमविलेली बोलीची शब्दसूची अशी एका क्षणात शून्य अक्षरांची होते, आणि यंत्र तक्रारीचा शब्दही काढीत नाही, कारण रिकाम्या यादीची क्रमलावणी ही पूर्णपणे निर्दोष क्रिया आहे. सॉर्टला फलिताची फाईल सांगण्यासाठी ‘-ओ’ हा पर्याय दिलेला आहे तो यासाठीच. तेथे फाईल सॉर्ट स्वतः, वाचन संपल्यावर उघडतो. बर्कलीचे बिल जॉय यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस रचलेल्या सी-शेलमध्ये असलेली फाईल > ने पुसू न देण्याचा पर्याय ठेवला होता. तो पुढे प्रमाणभाषेतही आला, पण स्वभाव म्हणून नव्हे. तो मागून घ्यावा लागतो.

‘> फाईल २>&१’ आणि ‘२>&१ > फाईल’ या दोन लेखनांतील भेदही क्रमाचाच. नवशिक्याला ‘२>&१’ याचा अर्थ ‘२ यापुढे १ च्या मागे जाईल’ असा वाटतो. वास्तविक अर्थ ‘या क्षणी १ जेथे जोडलेला आहे तेथे २ ला जोड’ इतकाच. नियम डावीकडून उजवीकडे चालतात. पहिल्या लेखनात १ आधीच फाईलकडे गेलेला असतो, म्हणून तक्रारी आणि फलित दोन्ही फाईलमध्ये जातात. दुसऱ्यात १ अजून पडद्याकडे असतानाच २ त्याची प्रत घेतो आणि मग १ एकटाच फाईलकडे जातो; तक्रारी पडद्यावरच राहतात. येथे & हे चिन्ह नाते जोडीत नाही, त्या क्षणाचे चित्र घेते.

बोलींची उसनवारी अजून थांबलेली नाही. २००५ मध्ये निघालेल्या फिश या शेलने पूर्वसूरींचा भार टाकून आदेशासाठी नुसता ( ) कंस घेतला होता. $ ची तेथे गरज वाटली नव्हती, आणि दुहेरी अवतरणात आदेश लिहिण्याची सोयही नव्हती. २०२२ मधील त्याच्या ३.४ या आवृत्तीने $( ) हे रूप स्वीकारले, अवतरणाच्या आतही, आणि आपला जुना कंसही तसाच चालू ठेवला.